तृणांची ओळख : कणिशक आणि पान

कोल्हापूरच्या डोंगरउतारावरील कुसळी (हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस) व पंचगंगाकाठचा ऊस यांत वरकरणी साम्य नाही. तथापि वनस्पतिशास्त्र दोहोंस अँड्रोपोगोनी या एकाच गटात घालते. दोहोंची कणिशके जोडीने येतात : एक बिनदेठाचे, दुसरे देठाचे. ज्वारीही याच गटातील. नाचणी व भात मात्र निरनिराळ्या उपकुलांत पडतात. ११,०००हून अधिक जातींच्या तृणकुलाचे दोन मुख्य विभाग रॉबर्ट ब्राऊन याने १८१४ मध्ये कणिशकांवरूनच पाडले.

परंतु कुसळी चारा म्हणून उपयोगी पडते ती फुलोऱ्यापूर्वी. पुढे तिची अणकुचीदार कुसळे जनावरांच्या तोंडास इजा करतात. वेळीच कापणी व्हावयाची, तर कणिशकाची वाट न पाहता बुडाशी चपट्या, कणायुक्त पर्णावरणांवरून ती ओळखणे अगत्याचे ठरते.