गरज, शिफारस आणि मोजलेली भूक

प्रौढ स्त्रीला रोजच्या आहारातून किती लोह मिळायला हवे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या तक्त्यांत या प्रश्नापुढे दोन आकडे आहेत : १५ मिलीग्रॅम आणि २९ मिलीग्रॅम. दोन्ही बरोबर आहेत. पहिला ‘अंदाजित सरासरी गरज’ या रकान्यातला, दुसरा ‘शिफारस केलेली आहारमात्रा’ या रकान्यातला. म्हणजे ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे ‘आरडीए’ म्हणतात तो. मराठी पुस्तिकांत आणि आरोग्य-पुरवण्यांत मला बहुधा दुसराच आकडा भेटतो, आणि त्याच्या डोक्यावर ‘रोजची गरज’ असे लिहिलेले असते. या दोन शब्दांनी केवढा घोळ होतो, ते या लेखात सांगायचे आहे.

आमच्या सिंदी मेघेकडचे साधे ताट घेऊ. एका बाईच्या पोटात दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकर आणि पन्नास ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण जाते असे धरा. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे ४ मिलीग्रॅम लोह असते, तूरडाळीतही जवळपास तेवढेच. बेरीज झाली १४. भाजीपाल्याचे थोडे वर धरा, पण हिशेब सोपा राहावा म्हणून १४ च ठेवू. २९ शी ताडले तर ही बाई निम्म्यालाही पोचत नाही. १५ शी ताडले तर ती जवळजवळ मध्यावर आहे; तिची स्वतःची गरज भागत असेलही, नसेलही. तिच्या नवऱ्याने तेवढेच खाल्ले तर त्याच्यासाठीचे आकडे ११ आणि १९ असल्याने तो एका रकान्यात पास, दुसऱ्यात नापास. ताट एकच, भाकर एकच.

असे का होते? माणसांच्या गरजा सारख्या नसतात. वय, लिंग, वजन सारखे असलेल्या शंभर निरोगी बायका घेतल्या तरी एकीचे दहात भागते, दुसरीला पंचवीस लागतात. ज्या सेवनाने गटातल्या निम्म्यांची गरज भागते ती सरासरी गरज. ज्या सेवनाने शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणींची भागते ती शिफारस. समोर बसलेल्या एका व्यक्तीला सल्ला द्यायचा तर शिफारस सांगावी, कारण तिची नेमकी गरज आपल्याला ठाऊक नसते आणि ती उपाशी राहण्याचा धोका नको असतो. पण गावाचे सर्वेक्षण करून किती जणींना लोह कमी पडते हे काढायचे असेल, तर शिफारशीचा आकडा मुळीच चालत नाही. गावातली प्रत्येक बाई रोज २० मिलीग्रॅम लोह खात असेल, तर २९ च्या पट्टीने अख्खे गाव कमतरतेत जमा होईल. प्रत्यक्षात त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींची गरज भागलेली असेल. प्रथिनांचेही तेच. सरासरी गरज किलोमागे ०.६६ ग्रॅम, शिफारस ०.८३ ग्रॅम. ६५ किलोच्या पुरुषाला पहिल्या हिशेबाने ४३ आणि दुसऱ्याने ५४.

मूळ इंग्रजीत तरी हा घोळ टाळण्याची काळजी घेतली गेली होती. अमेरिकेत १९४१ साली, युद्धाच्या तोंडावर, पहिली यादी तयार झाली तेव्हा समितीने ‘प्रमाण’ किंवा ‘मानक’ अशा अर्थाचा शब्द मुद्दाम नाकारला आणि भत्ता, नेमून दिलेला वाटा अशा अर्थाचा शब्द घेतला, कारण आकडे अंतिम आहेत असा समज व्हायला नको होता. आपल्याकडे ‘शिधा’ हा शब्द या अर्थाच्या फार जवळ जातो. शिधा देणारा मोजून देतो, पण थोडा हात सैल सोडून. घेणाऱ्याच्या पोटाची नेमकी खोली त्याला माहीत नसते. ‘गरज’ या शब्दात हा सैल हात नाही.

भारतातली पहिली शिफारस १९४४ ची. तेव्हाच्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या पोषण सल्लागार समितीने ती केली. मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूरला बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू केलेली लहानशी प्रयोगशाळा वाढत १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. आकडे वेळोवेळी बदलले. स्त्रीसाठी लोहाची शिफारस २०१० च्या यादीत २१ होती, २०२० मध्ये २९ झाली. दहा वर्षांत बायकांची शरीरे बदलली नाहीत, हिशेबाची रीत बदलली. अमेरिकेत हाच आकडा १८ आहे. शरीराला प्रत्यक्ष शोषून घ्यावे लागते ते लोह दिवसाला एक-दोन मिलीग्रॅमच्या घरातले. धान्य-डाळींच्या आहारातून त्याचा थोडाच अंश शोषला जातो, मांसाहार मिसळलेल्या आहारातून जास्त. म्हणून कोणत्या आहारासाठी हे सांगितल्याशिवाय आकडा पुरा होत नाही.

नावांचीही गंमत आहे. अमेरिकेत जी शिफारस केलेली मात्रा, तीच संकल्पना ब्रिटनने १९९१ मध्ये ‘संदर्भ पोषक सेवन’ या अर्थाच्या नावाने मांडली आणि युरोपीय संघाने ‘लोकसंख्येसाठी संदर्भ सेवन’ या अर्थाच्या नावाने. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या पुढाकाराने सर्वांसाठी एकच नामावली सुचवली गेली. ती रुळली नाही. यादीत एका नावाची भर पडली, एवढेच.

संगणकाला हे चालत नाही. भारतातल्या सर्वेक्षणाची माहिती आणि ब्रिटनमधली माहिती एकत्र मांडायची तर त्याला सांगावे लागते, की ही नावे एकाच गोष्टीची आहेत आणि ती दोन वेगळ्या गोष्टींची. यासाठी गेल्या काही वर्षांत ‘ऑन्टॉलॉजी’ नावाच्या रचना उभ्या राहिल्या आहेत. अन्नपदार्थांसाठी ‘फूडऑन’ आहे, पोषणविषयक अभ्यासांसाठी आणि अन्नातल्या घटकांसाठी वेगळ्या आहेत. तत्त्वज्ञानातला भारदस्त शब्द असला तरी काम कारकुनी आहे : प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक, एका वाक्याची व्याख्या, आणि ती कोणत्या मोठ्या संकल्पनेच्या पोटात बसते याची नोंद. नाव काहीही असो, क्रमांक एकच. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे पटकन कळेल. जिल्ह्यात एक सिंदी आमची, वर्ध्याला लागून, आणि दुसरी सेलू तालुक्यातली रेल्वे स्टेशनची. म्हणून एकीला ‘मेघे’ आणि दुसरीला ‘रेल्वे’ असे शेपूट जोडावे लागते. नुसते ‘सिंदी’ लिहिलेले पाकीट कुठे जाईल सांगता येत नाही.

या व्याख्या लिहिणे वाटते तितके सोपे नाही, आणि इथे आपल्या न्यायशास्त्राची जुनी कसोटी मला आजही सर्वांत उपयोगी वाटते. लक्षणाचे तीन दोष तर्कसंग्रह शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतात. गाय म्हणजे तांबूस जनावर म्हटले तर पांढऱ्या गाई सुटतात, ही अव्याप्ति. शिंगे असलेले जनावर म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ति. एकाच खुराचे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता शिफारस केलेल्या मात्रेची व्याख्या करून पाहा. ‘निरोगी राहण्यासाठी लागणारे प्रमाण’ म्हटले की सरासरी गरजही आत शिरते : अतिव्याप्ति. ‘सरासरी अधिक दोन प्रमाण विचलने’ म्हटले की ऋतुस्राव होणाऱ्या स्त्रियांचे लोह बाहेर राहते, कारण त्यांच्या गरजा सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारख्या पसरलेल्या नसतात, जास्तीच्या बाजूला लांब शेपूट असते : अव्याप्ति. आणि ‘कमीत कमी लागणारे प्रमाण’ म्हटले की असंभव, कारण शिफारस किमान कधीच नसते. हा तिसरा दोष मराठीत सर्वांत जास्त आढळतो.

ऊर्जेची गोष्ट पुन्हा वेगळी. लोह थोडे जास्त खाल्ले तर सहसा बिघडत नाही. ४५ मिलीग्रॅम ही त्याची सहन होणारी कमाल मर्यादा आहे. उष्मांक रोज जास्त खाल्ले तर चरबी साठते. म्हणून ऊर्जेला शिफारस नसतेच, सरासरी गरजच असते. हे एवढे बारीक वाटणारे कलम पुण्यातल्या एका मोठ्या वादाच्या मुळाशी आहे.

१९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई रोज २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, ही त्यांची पट्टी. त्यानुसार ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले ५० टक्क्यांच्या आसपास लोक रेषेखाली गेले. पां. वा. सुखात्मे यांनी यावर हरकत घेतली. ते अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम करून पुण्यात परतलेले. दांडेकरही मुळात संख्याशास्त्रज्ञ, आणि दोघेही सातारा जिल्ह्यातले. सुखात्म्यांचे म्हणणे असे, की २२५० सारखा आकडा सरासरीचा आहे. एकच निरोगी माणूस काही दिवस कमी, काही दिवस जास्त खाऊन वजन टिकवतो. सरासरीखालच्या प्रत्येकाला भुकेला म्हणणे चूक. भुकेल्यांची रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलने खाली ओढली पाहिजे. तशी ओढली की भुकेल्यांची संख्या बरीच घटते. दांडेकरांना हे मान्य नव्हते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा वाद नियतकालिकांतून जोरात झाला. कमी खाऊन शरीर जुळवून घेते या युक्तिवादाला पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचाही कडवा विरोध होता : लहान शरीर आणि कमी हालचाल ही त्या जुळवून घेण्याची किंमत असते.

मला सुखात्म्यांचे गणित पटते, निष्कर्ष पटत नाही. चांगले खाणाऱ्याचे एक दिवसाचे कमी जेवण आणि मजुराचे बारमाही कमी जेवण या एकाच वक्रावरच्या गोष्टी नव्हेत. पण शब्दांच्या दृष्टीने पाहिले तर चित्र विलक्षण आहे. लोहाची शिफारस सरासरीच्या वर दूर, सुखात्म्यांची रेषा सरासरीच्या खाली दूर, मध्ये सरासरी; आणि मराठीत तिन्हींना आपण ‘गरज’ म्हणतो.

म्हणून मी माझ्या वहीत हे शब्द वेगळे केले आहेत. निम्म्यांचे भागते ती ‘सरासरी गरज’. जवळपास सर्वांचे भागते ती ‘शिफारसमात्रा’. जिथे पुराव्याअभावी सरासरी गरज काढताच येत नाही आणि निरोगी लोक जेवढे घेतात तेवढेच प्रमाण मानले जाते, ते ‘पुरेसे सेवन’. तान्ह्या बाळांसाठीचे बरेच आकडे आईच्या दुधावरून काढलेले असतात, ते या जातीचे. ज्याच्यावर गेल्यास अपाय संभवतो ती ‘सह्य कमाल’. आणि भुकेल्यांची मोजणी ज्या रेषेने होते तिला नुसते ‘उंबरठा’.

‘सेवन’ या शब्दाचे अजून जमलेले नाही. कच्च्या धान्यातले लोह, शिजवल्यावर ताटात उतरलेले, पोटात गेलेले आणि रक्तात पोचलेले, हे चार वेगळे आकडे आहेत. लोखंडी तव्यावरची भाकर आणि लोखंडी कढईतली आंबाडीची भाजी यांत भांड्याचे लोहही उतरते, ते पहिल्या आकड्यात नसते, दुसऱ्यात असते. सर्वेक्षणात बहुतेक वेळा घरात किती धान्य शिजले ते विचारून तक्त्याने गुणतात आणि येणाऱ्या आकड्याला सेवन म्हणतात. त्याला दुसरे काहीतरी नाव हवे. ‘ताटातले’ हा शब्द सध्या मी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.