स्वस्त इअरफोन आणि आपले कान

दीड-दोनशे रुपयांचे वायरचे इअरफोन कानाला वाईट का, असे तुमसरचे पुष्कळ पालक मला विचारतात. किंमत कानाला कळत नाही, आवाज कळतो. दोन्ही बोंडे काही न वाजवता कानात बसवून पाहावीत. बाहेरचा गलका कमी झाला, तर रबरी टोपी नीट बसली. ती सैल असेल तर ढोलकीचा आवाज निसटतो, बाहेरचा खडखडाट आत शिरतो आणि तुमसर रोडहून तिरोडीच्या गाडीत बसलेला मुलगा आवाज वाढवीत जातो. खरे नुकसान इथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलचा मात्र ४ तासच. आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत.

म्हणून लहान-मोठ्या टोप्या सोबत देणारा जोड घ्यावा. अर्ध्या आवाजातही शब्द स्पष्ट ऐकू येतात. मात्र तो घालून रेल्वे फाटक ओलांडू नये! टोप्या अधूनमधून साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवाव्यात. कान वाहत असल्यास इअरफोन मुळीच नको. काढल्यावर कानात गुणगुण उरली, तर आवाज जास्त झाला असे समजावे. ती दुसऱ्या दिवशीही राहिली, तर कान तपासून घ्यावेत.