आम्ही बघून घेऊ!

गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. आठवड्याभरात वॉर्डातल्या सिस्टरनं विचारलं, "घरी बघायला कोण आहे?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "आम्ही आहोत ना, बघून घेऊ." झालं! पुढचे दोन महिने सौ. रात्री चार-चार वेळा उठत होती आणि सासूबाई मात्र खुर्चीलाच खिळल्या होत्या.

म्हातारं माणूस एकदा पडलं की संपलं, ही समजूत याच देशात मोडीत निघाली. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या गरीबखान्याच्या इस्पितळातले ७०० हून अधिक जुनाट रुग्ण सोपवले गेले. बाईंनी एकेकाला तपासलं, उठवून बसवलं, चालवलं. कित्येक जण घरी गेले. पुढे एनएचएसमध्ये वृद्धांवरच्या उपचारांची ही शाखा वाढली. इथल्या डॉक्टरांना तिचं फारसं आकर्षण नव्हतं. ती सांभाळण्यात भारतातून आलेल्या डॉक्टरांचा वाटा मोठा होता. आज तीच पिढी स्वतः खाटेवर आहे. आणि मदत मागायला लाजते आहे!

तर मंडळी, इंग्लंडमध्ये काय मागायचं? (स्कॉटलंड-वेल्सचे नियम वेगळे.) पहिली गोष्ट 'रीएबलमेंट'. पुन्हा पायांवर उभं राहण्यासाठीची ही मदत, गरज आहे असं ठरलं तर, सहा आठवड्यांपर्यंत मोफत मिळते. हॉस्पिटलातून सुटण्याआधीच विचारा.

दुसरी 'कंटिन्युइंग हेल्थकेअर'. १९९९ च्या पामेला कॉफलन खटल्यानंतर हे पक्कं झालं, की माणसाची मुख्य गरज आरोग्याची असेल तर काळजीचा सगळा खर्च एनएचएसनं करायचा, मग तो घरी राहो की नर्सिंग होममध्ये. कौन्सिल तुमची बचत बघते. इथे ती बघत नाहीत. आधी एक चेकलिस्ट भरतात. त्यात पुढे गेलात तर चालणं, खाणं, स्मरणशक्ती अशा १२ बाबींची तपासणी होते आणि साधारण २८ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. सगळ्यांना मिळतं असं नाही, पण न मागता तर नाहीच.

या नियमांतलं एक तत्त्व मला फार पटलं: नीट सांभाळलेली गरज ही गरजच असते. सौ. रात्री उठते म्हणून सासूबाईंची गरज नाहीशी होत नाही. आपण मात्र नर्ससमोर "फाइन, फाइन" म्हणतो! आम्हा इंजिनिअरांना यंत्राची लॉगबुक ठेवायची सवय असते. तशी वही ठेवा: किती वेळा उठावं लागलं, कितीदा तोल गेला. आणि आजीबाई आजारपणात इंग्रजी विसरल्या असतील, तर मराठी दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत.

शेवटी आम्ही जीपीकडे तोंड उघडलं. फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. परवा सासूबाई फ्रेम धरून स्वतः देवघरापर्यंत गेल्या आणि दिवा लावला. सौ. शेजारी उभी होती, पण हात न लावता.

"आम्ही बघून घेऊ" जरूर म्हणा. फक्त त्याला पुढे जोडा, "पण तुम्ही काय मदत देणार?"