धीर देणाऱ्या पेशींचा ठावठिकाणा

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. आपल्या वैद्यांच्या जुन्या ओळखीच्या या मुळीकडे पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष खऱ्या अर्थाने गेले ते तेव्हा. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले. रक्तदाब उतरू लागला, पण ते घेणारे काही रुग्ण मनाने खचू लागले. पुढे कळले, की रेसर्पिनमुळे मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा साठा रिता होतो. ‘सेरोटोनिन घटले की नैराश्य’ हे समीकरण रुजायला हेही एक कारण झाले. ते आजही सर्रास ऐकवले जाते; पण ते अपुरे आहे. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या सेरोटोनिनवर काही तासांतच काम सुरू करतात, मन मात्र काही आठवड्यांनी उभारी धरते.

सेरोटोनिन किती, याइतकेच ते कुठल्या पेशीवर काम करते, हेही पाहावे लागते. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत. सेरोटोनिन बनवणाऱ्या त्यांतल्या जेमतेम काही लाख, मेंदूच्या देठात मधोमध दाटीने बसलेल्या. त्यांचे तंतू मात्र जवळपास सगळ्या मेंदूत पोचतात. तेच रसायन एका पेशीला चेतवते, दुसरीला गप्प बसवते. कोणत्या पेशीवर कोणता ग्राही (रसायन पकडणारा रेणू) आहे, त्यावर सारे ठरते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने परदेशी सहकाऱ्यांसह 2024 मध्ये उंदरांत भीती कमी करणाऱ्या पेशींचा नेमका पत्ताच काढला. उंदराची भीती जोखायला जमिनीपासून उंचावर अधिकच्या चिन्हासारखी वाट मांडतात. दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. भ्यालेला उंदीर भिंतींचा आडोसा सोडत नाही. डीओआय हे भ्रमकारी रसायन मिळालेले उंदीर उघड्या फाट्यांवर जास्त रेंगाळले. ज्यांच्यात सेरोटोनिनचा ‘2ए’ ग्राही नव्हता, त्यांना हा धीर येईना. मग मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या खालच्या बाजूच्या, पार्व्हाल्ब्युमिन प्रथिन बाळगणाऱ्या पेशींमध्ये तो ग्राही परत आणला, आणि धीरही परतला. गंमत म्हणजे या पेशींचे काम शेजारणींना आवरण्याचे!

भीती म्हणजे नैराश्य नव्हे, अन् उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण माणसाच्या मेंदूतही नेमक्या पेशी हुडकण्याचा शोध चालला आहे. कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी 2025 मध्ये नैराश्य असलेल्या 59 आणि नसलेल्या 41 मृत व्यक्तींची मेंदू-ऊती पेशीनिहाय तपासली. ठळक फरक दोन प्रकारांत आढळले: काही उत्तेजक चेतापेशी आणि मायक्रोग्लिया. यातल्या मायक्रोग्लिया तर चेतापेशीच नव्हेत. मेंदूतली साफसफाई आणि दाह सांभाळणाऱ्या त्या पेशी.