चांदीची तार आणि जवारीचा धागा

दिल्लीजवळच्या मानेसरच्या औद्योगिक वसाहतीसमोरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, कोल्हापूर करत थेट चेन्नई गाठतो. त्यामुळे चाकण-पिंपरीत तयार झालेला एखादा मराठी अभियंता याच रस्त्याच्या उत्तर टोकाला नोकरीसाठी आला, तर त्यात नवल नाही. इथे होंडाच्या दुचाकी २००१ पासून बनतात, मारुतीचा कारखाना २००७ पासून चालू आहे. गाड्यांच्या चाचण्या घेणारी ‘आयकॅट’ ही संस्थाही मानेसरचीच. पुण्याच्या ‘एआरएआय’प्रमाणे तिथेही गाडीचा आवाज आणि कंप मोजण्याची प्रयोगशाळा आहे. या गावात दिवसभर कोणी ‘मला वाटतं’ म्हणत नाही, जो तो आधी आकडा मागतो.

संध्याकाळी हाच माणूस घरी येऊन महिन्याचा पगार घातलेला हेडफोन कानाला लावतो, आणि आकडे मागायची सवय कुठेतरी सुटते. चांदीच्या केबलने ट्रेबल उजळतो, तीनशे ओहमच्या हेडफोनला मोठाच अँप लागतो, बॅलन्स्ड जोडणीने गोंगाट जातो, ही वाक्यं तो मान डोलावत ऐकतो. ज्याच्या हातात रोज मल्टिमीटर असतो त्याने निदान या बाबतीत तरी तो बाहेर काढावा.

पहिला गैरसमज ओपन-बॅक हेडफोनसाठी घेतल्या जाणाऱ्या ‘पोर्टेबल’ अँपच्या नावातच दडलेला आहे. ओपन-बॅक हेडफोनच्या कपाची मागची बाजू बंद नसते, तिथे जाळी असते. आत कंप पावणाऱ्या पडद्यामागची हवा मोकळी वावरते, म्हणून आवाज डब्यात कोंडल्यासारखा वाटत नाही. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ बाजारात आणला, तेव्हापासून या रचनेची ख्याती आहे. पण जाळी दोन्ही बाजूंनी उघडी असते. आतला आवाज शेजाऱ्याला ऐकू जातो आणि बाहेरचा ट्रक आपल्याला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागासाठी दिवसा ७५ आणि रात्री ७०. म्हणजे मानेसरच्या वसाहतीत सगळं नियमात असलं, तरी भोवती ७५ डेसिबल असू शकतात. ख्यालातला सुरुवातीचा आलाप त्याच्याखाली बुडून जातो. मग माणूस आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि दर ३ डेसिबलला ही मुभा निम्मी होते. कॅबमध्ये, मेट्रोत किंवा कंपनीच्या बसमध्ये ओपन-बॅक वापरणं हा कानांवरचा अन्याय आहे, खिशातला अँप कितीही भारी असो. अशा हेडफोनसाठी पोर्टेबल अँप म्हणजे फार तर टेबलावरून पलंगावर आणि पलंगावरून गच्चीवर नेता येणारा अँप.

आता केबल. सगळ्यात जास्त पैसे इथे जातात, आणि सगळ्यात कमी कारणाने.

चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, हे खरंच आहे. पण किती चांगली? साधारण ६ टक्के. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची २ मीटरची केबल घेतली, तर जाण्या-येण्याची मिळून ४ मीटर तार होते. तिचा रोध भरतो सुमारे ०.३४ ओहम. तेवढीच चांदीची तार घेतली तर ०.३२. फरक ०.०२ ओहमचा, आणि समोर हेडफोन ३०० ओहमचा. यातून आवाजाच्या पातळीत पडणारा फरक डेसिबलच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. माणसाच्या कानाला सहसा अर्ध्या-एक डेसिबलच्या खालचा फरक जाणवत नाही. ‘ऑक्सिजन-फ्री’ तांब्याचंही तेच. साध्या विजेच्या तारेतलं तांबं आणि हे तांबं यांच्या वाहकतेत जेमतेम एका टक्क्याचं अंतर आहे. पिंपरीत वाढलेल्या फिनोलेक्सची घरगुती वायर भिंतीत टाकताना जे तांबं आपल्याला पुरतं, त्याच्या जवळपासचंच हे तांबं आहे. ‘स्किन इफेक्ट’ची, म्हणजे उंच सुरांत प्रवाह तारेच्या कडेनेच वाहण्याची, भीतीही फुकाची. २० हजार हर्ट्झला तांब्यात प्रवाह सुमारे ०.४६ मिलिमीटर खोलवर पसरतो, आणि या तारेची त्रिज्या पाव मिलिमीटर आहे. तार सबंधच वापरली जाते.

घरी करून पाहायचं असेल तर मल्टिमीटर ओहमवर लावा आणि दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. पडद्यावर शून्य येत नाही. ०.२ येतो, ०.३ येतो, हात हलला की शेवटचा आकडा नाचतो. हा रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा. आता मूळ केबलच्या प्लगला आणि दुसऱ्या टोकाला टोकं लावून तो वजा करा, मग महागड्या केबलचं तसंच मोजा. चांदी आणि तांबं यांतलं अंतर त्या नाचणाऱ्या शेवटच्या आकड्यात हरवून जातं. टोक जरा जोरात दाबलं तरी त्याहून मोठा फरक दिसतो.

तरीही केबल बदलल्यावर ‘काहीतरी बदललं’ असं वाटणारा माणूस मूर्ख नसतो. आपल्याकडे तर हा विश्वास ठेवायला चांगलं कारण आहे. मिरजेत तंबोरा लावताना घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात. तो धागा केसभर इकडेतिकडे झाला की जवारी, म्हणजे सुरातला झंकार, खुलते किंवा मिटते, सगळा तंबोरा बदलतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशाच बारकाव्यांच्या कारागिरीसाठी. एवढ्याशा धाग्याने सूर बदलतो, तर तारेने का बदलू नये?

कारण धागा असतो तिथे, जिथे सूर जन्मतो. तार आणि घोडी जिथे एकमेकींना घासतात, कंप आकार घेतो, तिथे केसभर फरकही मोठा असतो. हेडफोनमध्ये ती जागा म्हणजे पडदा, कानाभोवतीचं पॅड, आणि पडद्यापासून कानापर्यंतचं अंतर. वर्ष-दोन वर्षांत पॅड दबून पडदा कानाजवळ येतो, कडेने हवा निसटते, आणि बेस-ट्रेबलमध्ये कित्येक डेसिबलचा फरक पडतो. चष्म्याच्या काडीनेसुद्धा पॅड नीट बसत नाही. केबलमध्ये सूर जन्मत नाही, तिथून फक्त वीज जाते. ज्याला बारकाव्याचं वेड आहे त्याने ते पॅडवर खर्च करावं. तिथे त्याचा कान खरंच कामी येतो.

अँपच्या बाबतीत गैरसमज उलट्या दिशेचा आहे. इथे फरक पडतो, पण लोक चुकीचा आकडा पाहतात. ‘जितके ओहम जास्त तितका हेडफोन चालवायला जड’ हा सर्वमान्य समज. सेनहायझरचा एचडी ८०० एस ३०० ओहमचा आहे, हायफायमनचा सुस्वारा ६० ओहमचा. वरील नियमाने सुस्वारा सोपा ठरायला हवा. प्रत्यक्षात एचडी ८०० एस एका व्होल्टला १०२ डेसिबल देतो. संगीतातल्या क्षणिक उंच शिखरांसाठी ११० डेसिबल धरले, तर त्याला अडीच व्होल्ट आणि जेमतेम २१ मिलिवॅट लागतात. सुस्वाराची सेन्सिटिव्हिटी मात्र एका मिलिवॅटला ८३ डेसिबल. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ५०० मिलिवॅट, साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपियर हवेत. चोवीसपट शक्ती, तीही ‘हलक्या’ ६० ओहमच्या हेडफोनला. ओहमच्या जोडीला सेन्सिटिव्हिटी बघितल्याशिवाय अँप निवडूच नये. त्यातही खोक्यावर ‘डेसिबल प्रति मिलिवॅट’ लिहिलंय की ‘डेसिबल प्रति व्होल्ट’, हे नीट वाचावं. दोन्ही आकडे सारखे दिसतात आणि अर्थ पूर्ण वेगळा असतो.

फोनला लावायच्या बोटाएवढ्या चांगल्या डोंगलच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकातून साधारण २ व्होल्ट मिळतात, ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्डमधून ४. एचडी ८०० एसला २ व्होल्टवर १०८ डेसिबल मिळतात. घरात शांतपणे गाणं ऐकायला हे पुरेसं आहे, त्याहून मोठा अँप त्याला ‘जिवंत’ वगैरे करत नाही. सुस्वाराला मात्र डोंगलवर भागत नाही, कारण त्याला हवे असलेले साडेपाच व्होल्ट तिथे मिळत नाहीत, आणि तेवढा प्रवाहही बहुतेक डोंगल देऊ शकत नाहीत. तिथे बॅटरीवरचा दणकट अँप घेणं वाजवी आहे.

वॅटचा मोह आवरावा. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट जवळपास दसपट लागतात. ३ वॅटचा अँप सोडून ६ वॅटचा घेणाऱ्याने एवढ्याशा फरकासाठी पैसे मोजलेले असतात, आणि तेवढा आवाज त्याने कधी लावला तर कानांची धडगत नाही.

बॅलन्स्ड जोडणीबद्दल थोडं सविस्तर. स्टुडिओत मायक्रोफोनची लांबलचक बॅलन्स्ड केबल बाहेरचा गोंगाट खरोखर रद्द करते, कारण दुसऱ्या टोकाचं यंत्र दोन तारांतला फरक काढतं. हेडफोनमध्ये असं कुठलंच यंत्र नाही, आणि दीड मीटरच्या केबलला गोंगाटही फारसा शिवत नाही. बॅलन्स्डचा खरा फायदा वेगळा आहे: व्होल्टेज जवळपास दुप्पट होतं, आणि डाव्या-उजव्या वाहिनीला सामायिक परतीची तार राहत नाही. ज्या हेडफोनला जास्त व्होल्ट हवेत त्याच्यासाठी ते उपयोगी. बाकीच्यांना फरक वाटतो तो बहुतेकदा आवाज वाढल्यामुळे. इथे एक इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. साधी तीन संपर्कांची केबल अडॅप्टर लावून बॅलन्स्ड भोकात कधीही घालू नये. त्यात दोन्ही वाहिन्यांची ऋण टोकं एकमेकांना जोडली जातात आणि अँप जळू शकतो. उलट बाजूने, म्हणजे बॅलन्स्ड केबलचा हेडफोन साध्या भोकात अडॅप्टरने लावणं, सुरक्षित आहे.

अँपचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला रोध, हा मात्र ऐकू येणारा आकडा आहे, आणि त्याकडे कोणी बघत नाही. सेनहायझरच्या एचडी ६०० किंवा ६५० चा ‘३०० ओहम’ हा नुसता नाममात्र आकडा. ८० ते १०० हर्ट्झजवळ तो ५०० ओहमच्या आसपास चढतो. अँपचा आउटपुट इम्पिडन्स १२० ओहम असला, जसा काही ट्यूब अँपमध्ये असतो, तर बेस सुमारे एक डेसिबलने फुगतो. काहींना ते गोड लागतं, आणि ती आवड रास्त आहे. पण ती ‘ट्यूबची ऊब’ पुष्कळदा अँप आणि हेडफोन यांच्यातल्या व्होल्टेजच्या या साध्या विभागणीतून आलेली असते. सुस्वारासारख्या प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याच्या, हेडफोनचा इम्पिडन्स सगळीकडे जवळपास सपाट असल्याने तिथे हा प्रकार होत नाही.

आणि हेडफोनमध्ये कधीकधी येणारी घरघर? केबल बदलण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, हा अनुभव अर्थिंग धड नसलेल्या घरांत नेहमीचा. लॅपटॉप एका सॉकेटवर, अँप दुसऱ्यावर, मध्ये सिग्नलची केबल, असा फेरा पूर्ण झाला की ५० हर्ट्झची घूं सुरू होते. चार्जर काढल्यावर ती थांबली तर दोष केबलचा नाही, चार्जर आणि अर्थिंगच्या या फेऱ्याचा आहे. फोनला लावलेला बॅटरीवरचा पोर्टेबल अँप इथे सरळ जिंकतो, कारण त्याचा भिंतीशी संबंधच नसतो.

किंमत आणि आवाज यांचं नातं तपासलं गेलेलं आहे. २०१७ साली संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं आणि किमती ताडून पाहिल्या. किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांच्यात संबंध सापडला नाही. केबलच्या बाबतीत त्याआधी, २००७ साली, भ्रामक दावे उघडे पाडणारे जादूगार जेम्स रँडी यांनी सात हजार डॉलरहून महाग स्पीकर केबलचा फरक डोळे झाकून ओळखणाऱ्याला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी कधी पार पडली नाही.

घरी मात्र ती पार पाडता येते. दोन्ही जोडण्यांचा आवाज मल्टिमीटरने एकसारखा करा. त्यासाठी ५० ते ६० हर्ट्झचा सूर वाजवावा, साधे मीटर तिथेच अचूक मोजतात. मग घरातल्या कोणालातरी नाणं उडवून केबल बदलायला सांगा आणि पाठ फिरवून बसा. दहापैकी नऊ वेळा ओळखलंत तर दखल घेण्यासारखं आहे, नुसत्या नशिबाने असं शंभरात एखाद्या वेळीच घडतं. पाच-सहा वेळा ओळखलंत तर ते नाणंच होतं.

मूळ केबल तुटली असेल तर नवी घ्यावी. दीड मीटर लांब, मऊ, कपड्यावर घासल्यावर कानात खरखर न करणारी, आणि प्लगजवळ नीट आवळलेली, कारण केबल सहसा तिथेच तुटते. हेडफोनच्या बाजूचा जोड तपासून घ्यावा: एचडी ८०० चा वेगळा, ६५० चा दोन पिनांचा, ऑडिझीच्या बऱ्याच हेडफोनांचा चार पिनांचा. सोल्डरिंग येत असेल तर दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर प्लग सुटे मिळतात, आणि तुटलेली केबल एका संध्याकाळी जोडून होते. वाचलेल्या पैशांत आधी पॅडची नवी जोडी मागवा.