ऐंशीव्या स्तंभापलीकडची ओळ

लिनक्स कर्नलच्या संहितेत एका ओळीची मर्यादा ऐंशी स्तंभांची असावी हा दंडक मे २०२० अखेर सैल झाला आणि नियमभंग शोधणारी 'चेकपॅच' ही स्क्रिप्ट शंभर स्तंभांनंतरच इशारा देऊ लागली. मात्र यावरून मर्यादाच कालबाह्य झाली असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण कर्नलचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांचा आक्षेप अर्थ न पाहता ओळी तोडण्याला होता आणि कर्नलच्या शैलीनियमांत ऐंशीलाच आजही पसंती आहे. हा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रित कार्डातून आला हे खरे असले, तरी त्याची आजची उपयुक्तता वेगळ्या कारणाने टिकून आहे: कर्नलमध्ये प्रत्येक आतली पातळी आठ स्तंभ सरकते, त्यामुळे ओळ उजवीकडे ओसंडू लागली की अटींत अटी गुंतत चालल्याचे लेखकाला वेळीच कळते.

म्हणून टेक्स्ट एडिटरने ओळ परस्पर तोडू नये, ती लांबल्याचे दाखवावे आणि निर्णय लिहिणाऱ्यावर सोडावा, हीच रीत योग्य आहे. व्हीएस कोडमधील 'रूलर्स' किंवा व्हिममधील 'कलरकॉलम' ही सेटिंग ठरलेल्या स्तंभावर वरपासून खालपर्यंत खूण उमटवते; पण ती खूण सतत समोर राहिल्याने नजर तिला सरावते. प्रोग्रामर डेमियन कॉनवे यांनी २०१३ च्या ऑस्कॉन परिषदेत व्हिमसाठी दाखवलेला उपाय अधिक विचारपूर्वक केलेला आहे, कारण त्यात 'मॅचॲड' या फंक्शनने केवळ एक्याऐंशीव्या स्तंभावरचे अक्षर रंगते, म्हणजे मर्यादा पाळणाऱ्या ओळींवर रंगाचा मागमूस नसतो आणि दोष असेल तेथेच तो उमटतो. ईमॅक्सचा 'व्हाइटस्पेस मोड' याच तत्त्वाने, 'लाइन्स-टेल' हा पर्याय निवडल्यास, मर्यादेबाहेरचे शेपूट तेवढे रंगवतो.

संहितेत मराठीत टिपा किंवा संदेश लिहिणाऱ्यांसाठी मात्र खरा प्रश्न आकड्यापेक्षा मोजणीच्या एककाचा आहे. 'क्षि' हे वाचकाला एक अक्षर दिसते. युनिकोडमध्ये ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे असतात, आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने त्याच अक्षराचे बारा बाइट होतात. व्हिमच्या शोधनमुन्यात 'सी' हे अक्षर बाइट मोजते आणि 'व्ही' हे पडद्यावरचे स्तंभ मोजते. त्यामुळे पहिले वापरल्यास सलग देवनागरी ओळीत सत्ताविसाव्या चिन्हालाच एक्याऐंशीवा बाइट येतो आणि आखूड ओळही दोषी ठरू शकते. कॉनवे यांच्या नमुन्यात 'व्ही' आहे. तो 'सी' वापरून लिहिणाऱ्याला इंग्रजी संहितेत सहसा फरक जाणवणार नाही, मराठी ओळींत मात्र रंगाची खूण भलत्याच ठिकाणी उमटू शकेल.