बेपूर बंदर आणि बेटांची बाजारपेठ

केरळात कोळिकोड शहराच्या दक्षिणेस सुमारे दहा किलोमीटरवर चालियार नदी अरबी समुद्राला मिळते. तिथे बेपूर नावाचे छोटे बंदर आहे. ‘उरू’ नावाची मोठी लाकडी गलबते बांधणारे गाव म्हणून त्याची कीर्ती जुनी. पण या लेखात आपण त्याच्या दुसऱ्या कामाकडे पाहू. लक्षद्वीपच्या बेटांवरील घराघरांत लागणारा बराच माल वर्षानुवर्षे या धक्क्यावरून जात आला आहे.

लक्षद्वीपची जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेनुसार तिथे 64,473 माणसे राहत होती. ही बेटे प्रवाळांची, म्हणजे चुनखडीच्या वाळूची. या मातीत माड उत्तम येतो, भात मात्र पिकत नाही. बांधकामाला खडी नाही, सिमेंट नाही, इंधन नाही. म्हणून तांदूळ, भाजीपाला, सिमेंट, खडी, डिझेल हे सारे मुख्य भूमीवरून न्यावे लागते. परतीच्या खेपेस खोबरे, काथ्या आणि सुकवलेला ट्यूना म्हणजे आपला कुपा येतो. हे नाते केवळ व्यापाराचेही नव्हते. 1956 साली ही बेटे केंद्रशासित झाली, पण त्यांची कचेरी 1964 पर्यंत कोळिकोडलाच होती.

कोची आणि मंगळूर ही मोठी बंदरे असताना बेपूरसारख्या लहान बंदराचे काम काय, असा प्रश्न मुले विचारतील. याचे उत्तर बेटांच्या रचनेत आहे. बहुतेक बेटांच्या कडेला उथळ खाजण असते आणि त्यापलीकडे प्रवाळाची भिंत. मोठे जहाज आत शिरू शकत नाही. बाहेर उभे राहून त्याला माल लहान होड्यांत उतरवावा लागतो. शिवाय एका बेटाची गरज एका वेळी थोडीच. त्यामुळे थोडा माल घेऊन जाणारे, कमी पाण्यात चालणारे यांत्रिक गलबत तिथे सोयीचे पडते, आणि अशा गलबताला लहान बंदर पुरते.

मात्र लहान बंदराची अडचण त्याच्या मुखाशीच असते. नदी गाळ आणते, लाटा वाळू ढकलतात आणि मुखाशी वाळूचा दांडा तयार होतो. गलबत किती भरायचे हे त्या दांड्यावरील पाणी ठरवते. समजा, एक गलबत 20 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे. सोयीसाठी ते पेटीसारखे चौकोनी धरू. ते एक सेंटिमीटर खाली जाण्यासाठी 1.2 घनमीटर पाणी, म्हणजे सुमारे 1.2 टन, बाजूला सारावे लागते. म्हणजेच 120 टन माल चढवला की ते सुमारे एक मीटर खाली जाईल. येथील भरती-ओहोटीतला फरकही साधारण एक मीटरच्या आसपासच असतो. भरलेले गलबत भरतीची वाट का पाहते, ते यावरून कळेल.

यात आणखी एक गंमत आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे चाळिसाव्या हिश्शाने जड असते. म्हणून समुद्रात तीन मीटर बुडणारे गलबत नदीच्या गोड्या पाण्यात सुमारे सात सेंटिमीटर अधिक बुडते. नेमके जिथे पाणी उथळ, तिथेच ते जास्त खाली बसते!

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. परीक्षानळीत थोडी वाळू घालून ती साध्या पाण्यात उभी तरंगवा आणि पाण्याच्या पातळीशी खूण करा. मग तीच नळी भरपूर मीठ विरघळवलेल्या पाण्यात सोडा. खूण किती वर आली, ते मुलांनाच मोजू द्या.

हाच चाळिसाचा हिशेब बेटावरच्या विहिरीतही भेटतो. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. भूजलाची पातळी समुद्रापेक्षा 10 सेंटिमीटर वर असेल, तर सिद्धांताप्रमाणे गोड्या पाण्याचा थर समुद्रपातळीखाली चार मीटर असू शकतो. उलट, उपसा करून ही पातळी पाच सेंटिमीटरने खाली आणली, तर खारे पाणी दोन मीटर वर सरकेल. प्रत्यक्षात दोन्ही पाणी मिसळत असल्याने स्थिती याहून नाजूक असते. 2005 साली कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करणारे संयंत्र सुरू झाले. पण अशा संयंत्राला वीज लागते, बेटांवरची बरीचशी वीज डिझेल जनित्रांतून येते आणि डिझेल येते जहाजातून. पिण्याच्या पाण्याची वाटही अशी शेवटी बंदराशी येऊन मिळते.

आणि ही वाट बारमाही नाही. कोकणात पावसाळ्यात गलबते किनाऱ्याला ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतात, हे आपल्याला ठाऊक आहे. केरळातही मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लहान गलबतांची ये-जा बंद असते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा मुखाशी उथळ पाण्यात येऊन उंचावतात आणि फुटतात. त्या काळात बेटांना मोठ्या जहाजांवर आणि आधी भरून ठेवलेल्या साठ्यावर भागवावे लागते.

2021 साली बेटांची मालवाहतूक बेपूरऐवजी मंगळूरकडे वळवण्यावरून बरीच चर्चा झाली. मोठ्या बंदराच्या सोयी निश्चितच अधिक असतात. पण बंदर म्हणजे नुसता धक्का नव्हे. उधारीवर माल देणारा व्यापारी, हमाल, तांडेल आणि मुखाशी वाळू कुठे सरकली हे ओळखणारी नजर, हे सारे मिळून बंदर होते. ते बदलायचे तर या गोष्टीही नव्याने उभ्या कराव्या लागतात.

आपल्या गावात मीठ, सिमेंट, डिझेल कोठून येते, याची यादी मुलांकडून करून घ्या. मग विचारा: हा रस्ता चार महिने बंद झाला, तर आधी काय भरून ठेवाल? बेटावरचे लोक हे गणित दरवर्षी सोडवतात.